विहिरीपर्यंतची फेक
माळ्यावरून मासेमारीचं मोठं रीळ काढलं की त्याला घातलेल्या शिवणयंत्राच्या तेलाचा वास येतो आणि मला उजनीचा तो काठ आठवतो. वडिलांचं गाव धरणात गेलं, तेव्हा घर मोहोळला आलं. बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघं तिथं गळ टाकायला गेलो, त्या उन्हाळ्यात पाणी बरंच मागं हटलं होतं. पाण्यात उभ्या एका वठलेल्या बाभळीकडं हात करून वडील म्हणाले, "तिच्या पल्याड आपली विहीर हाय. उन्हाचं मोठं मासं तितंच बसत्यात." मी बारा फुटी नवा रॉड नेला होता, पण त्यावरचं रीळ छोटं, तळ्यावर वापरायचं. त्यावरची जाड दोरी रिळाच्या कडेला घासत सुटायची आणि गळ निम्म्यातच पडायचा. "लई अलीकडं पडतंय की," वडील कुरकुरले. मग मी मोठं रीळ चढवलं, तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोरीनं काठोकाठ भरलेलं. या वेळी दोरी सरसर सुटली आणि गळाचं शिसं बाभळीच्या पलीकडं गेलं. आधी ते पडल्या पडल्या तळाला टेकायचं, आता मात्र खाली जातच राहिलं. वडील उठून उभे राहिले. "व्हय, हीच." ओढू लागलो तर गळ आत दगडांत अडकलेला. मी जोर लावणार, तेवढ्यात त्यांनी चाकूनं रिळाजवळच दोरी कापली. चांगली महागाची दोरी, मी चिडलोच. "ऱ्हाऊ दे की तितं," ते म्हणाले. तेव्हापासून हे रीळ अर्धंच भरलेलं आहे, त्यामुळं फेक तोकडी पडते. नवी दोरी कधीचीच आणून ठेवली आहे. अजून चढवलेली नाही.