मोरोक्कोचे कांदेपोहे

सहलीच्या ऑफिसातल्या मुलीनं विचारलं, "मॅम, तुमच्याबरोबर कोण?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

तिनं स्क्रीनकडं बघतच पुन्हा विचारलं, "म्हणजे मिस्टर नंतर जॉइन होणार का?"

पिंपळे सौदागरमधलं ते थंडगार ऑफिस, भिंतीवर उंटांचा भलामोठा फोटो आणि समोर माझ्या भाचीच्या वयाची पोर. मिस्टर नाहीत, होते आणि गेले असंही नाही, मुळात झालेच नाहीत, हे सगळं तिला समजावत बसायचा मला कंटाळा आला. "मी एकटीच आहे," एवढं बोलून मी तिनं दिलेलं पाणी पिऊन टाकलं.

मोरोक्कोच का, असं पुढं बऱ्याच जणांनी विचारलं. चाकणच्या एका कंपनीत मी एक्सपोर्ट डिस्पॅचला आहे. गाड्यांच्या रबरी भागांची लाकडी खोकी भरून होतात, त्यांच्यावर जायचं ठिकाण छापलेलं असतं, आणि ती बरोबर कंटेनरमध्ये चढली की नाही हे बघणं माझं काम. त्यातली पुष्कळ खोकी मोरोक्कोला जातात. आई होती तोवर मी स्वतः कुठं जायचा प्रश्नच नव्हता. ती गेली, आणि पुढच्या वर्षी कंपनीच्या शटडाऊनची, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र सुट्टीची नोटीस लागली तेव्हा जो तो आपल्या गावाची, सासुरवाडीची भाषा बोलायला लागला. कुणीतरी सहज विचारलं, "मॅडम, तुमचं काय?" मी समोरच्या खोक्यावर वाचून म्हणाले, "मोरोक्को." सगळे खो खो हसले. माझी चेष्टा केली की ती गोष्ट करून दाखवायची मला खोड आहे. त्याच संध्याकाळी मी चौकशीला गेले.

तर अडचण अशी होती की सहलीत खोली दोघींत एक. एकटीला वेगळी खोलीही मिळत होती, नाही असं नाही. पण एकटीनं दार लावून झोपायला मोरोक्कोपर्यंत कशाला जायचं? ते मी पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये रोज करतेच की. मला कुणीतरी बरोबर हवं होतं. उंटावरून उतरल्यावर "काय गं, दुखली का कंबर?" असं विचारणारं. हे मी त्या मुलीला अर्थातच सांगितलं नाही. ती म्हणाली, "मोशीच्या एक आजी आहेत, त्यांनाही पार्टनर हवी आहे. तुम्ही एकदा भेटून घ्या. पटलं तर दोघींपैकी कुणीही मला कळवा."

मी फोन केला तर पलीकडून खणखणीत आवाज आला, "मीच येते तुमच्याकडं. बगाय नको का एकमेकीला?"

रविवारी मी हॉल झाडला, उशांचे अभ्रे बदलले आणि कांदा चिरायला घेतला. चिरता चिरता एकदम हसू आलं. याच हॉलमध्ये तरुणपणी किती जणांनी माझ्या हातचे पोहे खाल्ले होते! नगरहून यायचे, खडकीहून यायचे, खायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. काहींनी नकार कळवला, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. आई फोनपाशी घुटमळत राहायची. कंपनीतून थकून आलेले बाबा म्हणायचे, "आपणच विचारू या का?" तशी ती डोळे मोठे करायची. मुलीकडच्यांनी आधी विचारायचं नसतं. त्या वाट बघण्यात माझी तिशी गेली आणि मग पोहे फक्त नाश्त्याला होऊ लागले.

बाई आल्या. सत्तरीच्या आसपासच्या, नऊवारी नेसलेल्या, आणि पायात नवे कोरे पांढरे बूट. मी बुटांकडं बघितलं तशा म्हणाल्या, "सहलीला लागत्याल म्हनून आत्तापासनं घालती. सवय नको का? आयत्या येळी पाय सोलून निघायचा."

त्यांची शेती होती, तिथं आता इमारती आहेत, आणि त्यातल्याच एका इमारतीत त्या मुलगा-सुनेबरोबर राहतात. मुलं दुबई, सिंगापूर सगळं फिरून आलीत. "मग मोरोक्को कसं काय सुचलं, मावशी?" मी विचारलं.

"मला आमच्यातलं कुनी न गेल्यालं गाव पायजे, ताई. न्हाईतर मी आल्यावर सांगाय बसले की हे म्हननार, व्हय आई, आमी बगितलंय ते. मग मी कुनाला सांगायचं?"

बाई मला तिथल्या तिथं आवडल्या. आमच्या दोघींचं दुखणं एकच होतं, फक्त त्यांचं भरल्या घरातलं होतं. मी इंटरनेटवर बघून पुदिन्याचा चहा केला, तिकडं म्हणे दिवसभर तोच पितात. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "ह्यो तर खोकल्याचा काढा हाय." पोहे मात्र दुसऱ्यांदा मागून घेतले.

मग मुद्द्याचं बोलणं सुरू झालं. "घोरता का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. सांगणारं कुणी नाही."

मी गमतीनं बोलले होते, पण त्या हसता हसता थांबल्या. "मी घोरती बरं," त्या म्हणाल्या. "आधीच सांगते, नंतर फसवलं म्हनाल." मीही मग माझं सांगून टाकलं. आई गेल्यापासून मला रात्री बारीक दिवा लागतो, मिट्ट काळोखात छातीत धडधडतं. त्यांचा चेहरा पडला. त्यांचं बरोबर उलटं होतं, उजेडाची तिरीप आली तरी डोळा लागत नाही. वाळवंटात एक रात्र तंबूत काढायची होती. तिथं दिवा असेल का नसेल यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि तो विषय तसाच अर्धवट सोडला.

त्यांची नजर शोकेसवर गेली. तिथं आईच्या फोटोशेजारी बुद्धाची मूर्ती आहे. "तुमी बुद्धाचे का?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं. त्यांनी "बरं बरं" म्हणून मान हलवली.

मी विषय बदलायला म्हटलं, "आपला हा अगदी कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला, नाही का?"

"आमच्या वक्ताला असलं काय न्हवतं," त्या म्हणाल्या. "माज्या बानं मला बैलगाडीत घातली आन् त्यांच्या दारात नेऊन दावली. चालून दाव म्हनले, चालले. मग गपगुमान घरी. फुडं त्यांचा निरोप येईस्तवर आईच्या घशाखाली घास उतरना."

आम्ही दोघी पोटभर हसलो. जाताना त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढून ओट्यावर ठेवला आणि "येते मग" म्हणून नव्या बुटांनी कर्रकर्र वाजवत जिना उतरल्या. त्या संध्याकाळी मी कित्येक महिन्यांनी टीव्ही न लावता जेवले. तेवढ्यानंच मला भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी फोनची वाट बघायला लागले. त्या घरी येऊन बघून गेल्या होत्या, पोहे खाऊन गेल्या होत्या. आता कळवायचं ते त्यांनी, यात मला शंका नव्हती. एरवी डिस्पॅचच्या गडबडीत फोन टेबलावर पडलेला असतो, तो मी खिशात घेऊन हिंडू लागले. ट्रकवाल्यांचे फोन आले, बँकेवाल्यांचे आले. आठवडा गेला, दुसराही सरत आला. मोशीवरून काही नाही. कंपनीची बस रोज मोशीवरूनच जाते. त्या चौकात बस थांबली की मी खिडकीबाहेर बघायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे.

आधी वाटलं, दिव्याचं नडलं असेल. मग शोकेसकडं गेलेली त्यांची नजर आठवली आणि डोकंच फिरलं. पूर्वी आमच्या खात्यात एक बाई होत्या. वर्षानुवर्षं माझ्या शेजारी बसून जेवल्या, पण माझ्या डब्यातली भाजी घ्यायची वेळ आली की त्यांचा कुठलातरी उपास असायचा. एकदा असं भाजलं की माणूस ताकही फुंकूनच पितो. म्हणजे हिचंही तेच, मी म्हटलं. एका खोलीत झोपायचं म्हटल्यावर पाय मागं आला. पोहे दुसऱ्यांदा मागून खाल्ले होते, हे रागाच्या भरात माझ्या लक्षातच राहिलं नाही. आपण होऊन फोन करून विचारावं, असं एकदोनदा मनात आलं. पण मला नको म्हणणाऱ्यांच्या दाराशी मी कधी गेले नाही, आणि या वयात तर मुळीच जाणार नव्हते.

मी सहलीच्या ऑफिसात फोन करून सांगितलं, सुट्टी मिळत नाही, माझं नाव काढा. त्या मुलीनं विचारलं, "मोशीच्या आजींना काही सांगू का?" मी म्हटलं, "काही नको."

कंपनीत मात्र मी कुणाला काही बोलले नाही. शटडाऊनच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी मला "हॅपी जर्नी" केलं, एकानं तर तिकडून खजूर आणायला सांगितलं. मग मी घरी आले आणि दार लावून घेतलं. सोसायटीत कुणी विचारायला नको म्हणून दूधसुद्धा बंद केलं. सहलीचा कार्यक्रम मला पाठ होता. आज निळ्या रंगाचं गाव, उद्या जुना बाजार, परवा वाळवंट. ज्या दिवशी तंबूत झोपायचं होतं, त्या दिवशी मी दुपारभर हॉलमध्ये बसून राहिले आणि मला फार एकटं वाटलं. आई गेली तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान माणसं येत होती.

ओट्यावर तो चटणीचा डबा होता. घासून पुसून ठेवलेला, पण रिकामा डबा परत करायचा नसतो म्हणून तसाच राहिलेला. मी बेसन भाजलं, लाडू वळले, डबा भरला आणि बस पकडून मोशीला गेले. डबा द्यायचा हे निमित्त झालं. बाई गेल्या की राहिल्या, आणि गेल्या तर कुणाबरोबर, हे मला बघायचं होतं.

दार सुनेनं उघडलं. चांगली हसतमुख बाई. मी म्हटलं, "सासूबाईंचा डबा राहिला होता, द्यायला आले." मी कोण ते सांगायचं धाडस झालं नाही.

"अहो, त्या तर मोरोक्कोला गेल्यात!" ती म्हणाली. "बसा ना. पोहे टाकते, तुमच्यासारखं कुणी आलं की मलाही बरं वाटतं." नको नको म्हणेपर्यंत ती आत गेली आणि तिथूनच मोठ्यानं बोलू लागली. "आधी पिंपळे गुरवच्या एका मॅडमबरोबर जायचं ठरत होतं. त्यांच्याकडं जाऊन आल्या, इतक्या खूश होत्या! पण त्या मॅडमचा काही फोनच आला नाही. मी म्हटलं, आई, तुम्हीच लावा ना. तर म्हणायच्या, मी त्यांच्या दारात जाऊन सोताला दावून आले, मी पोरीकडची. आता निरोप त्यांनी धाडायचा, आपन इचारायचं नसतं."

माझ्या हातातला डबा मी टीपॉयवर ठेवला.

"मग ऑफिसमधून कळलं, त्या मॅडमनी नावच काढून घेतलं म्हणून. दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. म्हणायच्या, माझं घोरणं सांगितलं तेच चुकलं. शेवटी सांगलीच्या कुणी बाई मिळाल्या, त्यांच्याबरोबर गेल्या."

पोहे आले. वर खोबरं, कोथिंबीर, सगळं होतं. ती समोर बसली होती म्हणून मी खात राहिले.

"आणि गंमत सांगू का?" ती म्हणाली. "त्या मॅडमना म्हणे रात्री दिवा लागतो. आमच्या सासूबाईंना काळोख हवा. तर त्या मॅडमकडून आल्या त्याच दिवशी बाजारातून बॅटरीवरचा बारीक दिवा घेऊन आल्या आणि तो लावून झोपायला लागल्या. मुलं हसायची. सवय नको का, म्हणायच्या, तंबूत त्या बाईला भ्या वाटंल. सुरुवातीला रात्र रात्र जाग्या असायच्या. आता काय झालंय, सांगलीच्या बाई अंधारातच झोपतात, पण आमच्या आईंना त्या दिव्याशिवाय झोप येईना. बॅगेत सगळ्यात आधी दिवाच भरला."

मी प्लेट खाली ठेवली आणि उठले. ती दारापर्यंत आली. "संध्याकाळी रोज फोन येतो त्यांचा," ती म्हणाली. "आज तंबूत मुक्काम आहे म्हणे. कोण आलं होतं म्हणून सांगू?"

चपला घालताना मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. नाव सांगावं की नको ते ठरत नव्हतं.

"सांगा, मुलाकडचे आले होते," मी म्हटलं. "मुलगी पसंत आहे म्हणावं."