ताईच्या भातात सांडगी मिरची

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. चीनच्या सहलीत मी जो घोळ घातला, त्याचं नाव काढलं की आई अजून डोक्याला हात लावते.

मला संशय आला तो दोह्यातच. अल मुंतझामधल्या आमच्या फ्लॅटच्या किचनमध्ये आई आणि सुजाताकाकू कुजबुजत होत्या. मी पाणी प्यायला आत गेले, तर दोघी गप्प! सुजाताकाकू म्हणजे बाबांच्या ऑफिसमधल्या काकांची बायको. त्यांचा मुलगा निनाददादा इंजिनियर, उंच, चांगल्या नोकरीवाला. दोन्ही घरांनी मिळून चीनची ग्रुप टूर घेतलेली. आणि आईने सायलीताईसाठी चार नवे ड्रेस आणले. माझ्यासाठी? सॉक्स!

डोंगर बघायला चार ड्रेस कशाला लागतात, तुम्हीच सांगा.

मी फार बोलत नाही, पण बघते सगळं. हा ताईला दाखवायचा कार्यक्रम होता! सहल नुसती नावाला. ताईला पुढे शिकायला पुण्यात प्रवेश मिळाला होता. लग्न ठरलं की पुणं खलास! आणि ती बिचारी निर्धास्तपणे सनस्क्रीन शोधत होती.

ग्वीचौ प्रांतात पोचलो. धुक्यातले डोंगर, पायऱ्यापायऱ्यांची भातशेतं, लाकडी घरं. सगळे फोटो काढत होते. मी काकूंवर नजर ठेवून होते.

बसमध्ये काकू मुद्दाम ताईशेजारी बसल्या. "सायली, तुझी उंची किती गं?"

मुलाची आई उगाच उंची विचारते का?

चांदीच्या दुकानात तर हद्दच झाली. काकूंनी ताईचा हात धरला, त्यात कडं चढवलं आणि आईला म्हणाल्या, "बघा, अगदी मापाचं!" आई हसली. माझी सख्खी आई!

दुसऱ्या दिवशी आम्ही म्याओ लोकांच्या गावात गेलो. आमची गाइड मिस लिन तिथलीच. ती म्हणाली, "आमच्याकडे सणाला मुली रंगीत चिकट भात करतात आणि रुमालात बांधून मुलांना देतात. आत काय लपवलंय, त्यावरून मुलाने उत्तर ओळखायचं. चॉपस्टिकची जोडी निघाली तर होकार. मिरची निघाली, तर चालता हो!"

सगळ्यांनी करून बघायचं ठरलं. काकू लगेच म्हणाल्या, "सायली, निनादसाठी तूच बांध. जोडी घाल हं आत!"

ताईने हसत हसत जोडी घातली. किती भोळं असावं माणसाने!

ती हात धुवायला गेली आणि मी मिरची शोधायला लागले. गावात मिरच्यांच्या माळा होत्या, पण माझा हात पुरेल तर ना! मग आईची पिशवी आठवली. आमची आई सांडगी मिरचीच्या डब्याशिवाय विमानात पाऊल ठेवत नाही. मी जोडी काढली, एक जाडजूड मिरची भातात खुपसली आणि पुन्हा गाठ मारली. ताई वाचली होती.

निनाददादा रुमाल घेऊन मध्ये उभा राहिला. व्हिडिओ काढायला त्याचा फोन बाबांनी धरला होता.

"हाय ऋचा!" तो फोनकडे बघून म्हणाला. "तुझ्या वतीने सायलीने बांधलंय. बघू या तुझं उत्तर!"

ऋचा? ही कोण?

"बाबा, ऋचा कोण?"

"अगं, निनादची होणारी बायको, नाशिकची. सायलीच्याच चणीची आहे, म्हणून तर काकू सायलीच्या मापाने खरेदी करतायत. साखरपुड्याचे पेढे तूच संपवलेस ना?"

पेढे मी संपवले होते. कशाचे, ते विचारलं नव्हतं.

मी "थांब" म्हणायला तोंड उघडलं. आवाज फुटेपर्यंत गाठ सुटली होती.

जांभळ्या भातातून मिरची डोकावली. काकूंचा चेहरा उतरला. "हे काय, सायली? गमतीतसुद्धा असं करतं का कोणी?"

आईने वाकून बघितलं. "अगंबाई, ही तर माझ्या डब्यातली!"

"मी जोडीच घातली होती, शप्पथ!" ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिला वाचवायला निघाले होते ना मी?

"मी घातली," मी म्हणाले.

"तू? का?" आई, बाबा, काकू, सगळे एकदम.

काय सांगणार? की तुमच्यावर पाळत ठेवली होती? मी वाकून बुटाची नाडी बांधायला लागले.

काय झालं ते निनाददादाने मिस लिनला समजावलं. तिचा चेहरा उजळला. "धाकट्या बहिणीने मिरची घातली? मग तर सरळ आहे! तिला तो मुलगा स्वतःलाच हवाय!"

काकू हसून हसून खालीच बसल्या. ताईसुद्धा डोळे पुसत हसायला लागली. अहो, मी त्याला दादा म्हणते! पण ऐकतंय कोण? आणि बाबांनी रेकॉर्डिंग थांबवलंच नव्हतं. सगळा व्हिडिओ जसाच्या तसा नाशिकला पोचला.

गेल्या महिन्यात ऋचा लग्न होऊन दोह्याला आली. काकूंकडे जेवायला सगळी मंडळी जमली होती. ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तूच ना गं माझी सवत?"

मला ठणकावून "नाही" म्हणायचं होतं. आयुष्यात एकदा तरी मोठ्याने. पण इतके सगळे माझ्याकडे बघायला लागले की मला काही सुचत नाही.

"हो," मी म्हणाले.