बेचाळीस जणांचा एकच खटला

ती घटना आठवते असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण ती डोक्यातून कधी गेलीच नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली. बायको म्हणते, "सोडा हो आता, चहा घ्या." चहा घेतो. ती गोष्ट मात्र सुटत नाही.

गिरणी संप विरून गेल्यानंतरचे ते दिवस. मी परळ भागातल्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. भोंगे बंद झाले होते आणि हात रिकामे झालेली माणसं दिवसभर नाक्यावर उभी असायची. अशा माणसांच्या हातात झेंडा द्यायला पुढाऱ्यांना कितीसा वेळ लागतो? एका दुपारी दोन पक्षांचे मोर्चे डिलाईल रोडवर समोरासमोर आले. दोघांना एकाच वेळेची परवानगी कोणी दिली, हे मला विचारू नका. दगडफेक झाली, सहा-सात दुकानं जळाली आणि एक माणूस मेला.

मेलेला माणूस गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात होता, संपात नोकरी गेलेला. त्याची बायको चाळीत पहिल्या मजल्यावर खाणावळ चालवायची. मुंबईत एकटे राहणारे वीसेक कामगार तिच्याकडे दोन्ही वेळा जेवत आणि तिला मावशी म्हणत. पुढे मीही म्हणू लागलो. तिच्याच गॅलरीखाली नवऱ्याच्या डोक्यात लोखंडी सळई बसली होती.

आमचा बातमीदार, नाक्यावरचा एक पानवाला, एवढंच म्हणाला, "साहेब, बाई गॅलरीत उभी होती. सगळं दिसलंय तिला." मी दोनदा जबाब घ्यायला गेलो. दोन्ही वेळा ती मान खाली घालून भाकरी थापत राहिली. "गर्दी होती. काय बी दिसलं न्हाई." माझ्याबरोबरचा हवालदार मालवणचा, मुरलेला माणूस. जिना उतरताना म्हणाला, "साहेब, बायेक सगळा ठाऊक आसा. पण ती सांगूची नाय."

तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा जेवणं उरकली होती. तिच्याकडे प्रत्येक गड्याचं स्वतःचं ताट असायचं, काठावर नाव कोरलेलं. धुतलेली ताटं फळीवर ओळीने उभी होती. एकच ताट वेगळं, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. त्यावर धूळ बसली होती.

"हे कुणाचं, मावशी?"

 मी ताट उचलायला हात पुढे केला, तशी ती एकदम ओरडली, "त्याला हात लावू नका!" आणि मग तिथेच बसून जी रडायला लागली, की शेजारच्या बायका दारात जमल्या.

मग रडत रडत तिने सांगितलं. ज्याचं ते ताट, तो गडी तिच्याकडे नऊ वर्षं जेवत होता. मोर्च्यात त्याच्या हातात सळई होती. नवऱ्याने त्याला वरून पाहिलं, खाली धावला आणि त्याचं मनगट धरलं. "अरे येड्या, काय करतोस? चल वर, जेवायला चल." तो ओरडला, "हात सोडा!" नवऱ्याने सोडला नाही.

"माझ्या हातचं खाल्लेलं हाय त्यानं," ती म्हणाली. "त्याचं नाव कुठल्या तोंडानं घेऊ?"

पण तिने घेतलं, आणि ताटही माझ्या हवाली केलं. मी त्याला त्याच संध्याकाळी माहीमहून, त्याच्या चुलतभावाच्या खोलीवरून उचललं. ठाण्यात तो तासभर उडवाउडवी करत होता. मोर्च्यात नव्हतो, गावी होतो, वगैरे. आम्हाला त्याची सवय असते. मी पिशवीतून ताट काढून टेबलावर ठेवलं. त्याने काठावरचं स्वतःचं नाव पाहिलं.

"मावशीनं काढून ठेवलं?"

"भिंतीकडे तोंड करून."

त्यानंतर त्याने उडवाउडवी केली नाही. सळई कुठल्या गटारात टाकली ते त्याने पंचांसमोर दाखवलं. खरं तर ताट जप्त करायची काहीच गरज नव्हती, पण मी त्याचाही पंचनामा केला आणि लाखेचं सील मारून मुद्देमालात जमा केलं. मला वाटलं होतं, केस अशी बांधतो की सुई शिरणार नाही. मावशीला सांगून आलो, "वर्षाच्या आत निकाल लावतो. माझा शब्द."

आता माझी अक्कल सांगतो.

तेव्हा वर्तमानपत्रांत एकच ओरड होती. दंगलखोरांना पकडायला पोलीस इतका वेळ का लावतात? दुसरी बाजू म्हणे, पोलीस घाईघाईने निरपराधांना गोवतात. दोन्हीकडचे पुढारी सकाळ-संध्याकाळ फोन करायचे. मी चिडलो होतो. म्हटलं, एकालाही सोडत नाही. फोटो, पंच, खबरी, सगळं पिंजून मी बेचाळीस आरोपी उभे केले. खून, जाळपोळ, बेकायदा जमाव, सगळं एकाच आरोपपत्रात. आरोपपत्राच्या नव्वद दिवसांच्या मुदतीला आठवडा बाकी असताना गठ्ठा घेऊन सरकारी वकिलांकडे गेलो.

ते म्हातारे होते, गिरगावात राहायचे, तपकीर ओढायचे. त्यांनी गठ्ठा नुसता हाताने तोलला.

"खुनाला साक्षीदार किती?"

"एक. पण पक्की आहे."

"आणि आरोपी?"

"एकच. बाकीचे जमावात."

"मग त्या एकाचं आरोपपत्र वेगळं कर. बाकीच्यांचं दुसरं. दीड वर्षात बाईची साक्ष होईल."

"साहेब, मग लोक म्हणतील, एकाला धरलं आणि बाकीचे सोडले."

"अरे, एका दोरीला बेचाळीस बकऱ्या बांधून निघालास तर बाजारापर्यंत तरी पोचशील का?"

मी ऐकलं नाही. वरच्या साहेबांना बेचाळीस हा आकडा आवडला होता. छाती फुगवून खोटं कशाला सांगू, मलाही आवडला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात तो छापून आला. मी ते कात्रण कापून ठेवलं.

मग तारखा सुरू झाल्या. पहिल्या तारखेला एकोणचाळीस आरोपी हजर, तिघे नाहीत. वॉरंट. पुढची तारीख. पुढच्या वेळी ते तिघे आले, दुसरे दोघे गावी गेलेले. एकाचा वकील आजारी. एक मेला, त्याचा मृत्यूचा दाखला येईपर्यंत चार तारखा. चाळी पाडल्या गेल्या, समन्स परत यायची: "दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही." पाचव्या वर्षी मीच धावपळ करून अर्ज करवला, की खुनाचा आरोपी वेगळा करा. त्याला इतर आरोपींच्या वकिलांनी हरकत घेतली. त्या अर्जावरच तीन वर्षं गेली आणि तो फेटाळला गेला. म्हातारे सरकारी वकील तोवर वारले होते. बरं झालं. त्यांच्यासमोर उभं राहायला मला तोंड नव्हतं.

माझ्या बदल्या होत गेल्या. गड्याला जामीन मिळाला होता. मावशी मात्र प्रत्येक तारखेला यायची. सकाळची चूल बंद ठेवायची, पिशवीत डबा घ्यायची आणि कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहायची.

चौदाव्या वर्षी तिची साक्ष लागली. मीही साक्षीला आलो होतो, माटुंग्याहून. व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि जागच्या जागी उभा राहिलो. बाकावर मावशी बसलेली, शेजारी तो. डोक्याचे केस गेलेले, खोकत होता. दोघांच्या मध्ये डबा उघडा होता. तो चपातीचा तुकडा मोडत होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तेवढ्यात पुकारा झाला.

नव्या सरकारी वकिलाने विचारलं, "तुमच्या नवऱ्यावर वार करणारा इसम आज कोर्टात आहे का? नीट पाहून सांगा." हयात असलेले एकतीस जण ओळीत उभे होते. मावशीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. त्याच्यापाशी नजर थांबलीसुद्धा नाही.

"न्हाई."

तिला फितूर जाहीर केलं. आपल्याच वकिलाने तिची उलटतपासणी घेतली, खोटं बोलतेस म्हणून. ती पदर सावरत उभी राहिली.

बाहेर मी तिला गाठलं. माझा आवाज चढला होता. "मावशी, कुणी धमकावलं का?"

"मला आता कोन धमकावतंय, साहेब?"

"मग ओळखलं का नाही? त्याच्याबरोबर डबा खात होतात तुम्ही!"

"पहिली दोन वर्सं त्याच्याकडं पाठ करून बसले. मग पाठ दुखाया लागली." ती बाकावर टेकली. "वकिलाला इचारलं, ओळखला तर काय व्हईल? म्हनला, शिक्षा व्हईल. मग ते वरच्या कोर्टात जातील. कदाचित केस परत खाली येईल. मी म्हनलं, म्हंजे पुन्ना तारखा? चौदा वर्सं दर तारखेला मालक माझ्यासमोर पुन्ना मरतोय. त्याला एकदाच मरू द्या की आता." मग शांतपणे म्हणाली, "तुम्ही वर्साचा शब्द दिला होता, साहेब."

 तिने डबा पिशवीत भरला आणि जिना उतरून गेली.

सगळे सुटले, बेचाळीसचे बेचाळीस. मेलेले आधीच सुटले होते. निकालात एक ओळ होती, मुद्देमालातलं ताट ज्या घरातून जप्त केलं तिथे परत द्यावं. ते काम हवालदाराचं, पण मी ठाण्यातून ते मागून घेतलं, पावतीवर मावशीची सही आणून देतो म्हणालो आणि स्वतः गेलो. खाणावळ बंद पडली होती. गिरणीच गेल्यावर जेवायला येणार कोण? फळी होती, तिच्यावर तिचं एकटीचं ताट. मी सील फोडून तिच्या हातात दिलं. तिने ते पुसलं, काठावरच्या नावावरून अंगठा फिरवला, उठली आणि त्याच कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

"चा टाकू?" म्हणाली.

मी हो म्हटलं. चहा होईपर्यंत पावतीवर तिची सही घेतली.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं कधी कधी विचारतात. आजही कुठे दंगल झाली की टीव्हीवर तीच भांडणं चालतात, लवकर करा, सगळ्यांना आत टाका. मी टीव्ही बंद करतो. कोर्टाच्या कागदांवर ती बाई फितूर आहे आणि आता ते कोणी बदलणार नाही. तिने त्याला ओळखलं होतं. त्या व्हरांड्यात चौदा वर्षं तिला बसवणारा मी होतो, आणि ते कात्रण अजून माझ्या कपाटात आहे.