माझा पंप नि काकीचं भात

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मधे अडवू नका. माझी अशी फजिती झाली की आमच्या पोशीर गावात अजून माझं नाव निघतं.

आमच्या बचत गटाला एक सळई मिळाली होती, ती माझ्या शेतात लावली. शेतात खुपसून ठेवायची, ती मातीतला ओलावा मोजते. माती सुकली की फोनवर कळवते नि पंप आपोआप चालू करते, भिजली की बंद. माझ्या भेंडीला आधी मी रोज पाणी सोडायचे, सळई आल्यापासून तीन दिवसांनी सोडलं तरी पुरायला लागलं. मग काय, पाणी कसं वाचवायचं ते मी गावाला शिकवत सुटले.

आला दसरा. सकाळीच शेतातली सगळी हत्यारं घरी आणली, धुतली, पुसली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. माती कोरडी, पंप चालू. मी कौतुकानं घरच्यांना म्हटलं, बघा, सणालासुद्धा सुट्टी घेत नाही.

पुऱ्या तळायला घेतल्या तर काशीकाकीचा फोन. तिचं शेत माझ्या शेताच्या खालच्या अंगाला.

"अगं, तुझं पाणी माज्या शेतात शिरलंय. भात कापून पसरलंय मी, सगळं भिजतंय. पंप बंद कर गं."

मी फोनवर बघितलं. "काकी, माती अजून कोरडी हाय. पाणी माझं नसंल."

"मी घोटाभर पाण्यात उभी हाय."

"तुझाच बांध फुटला असंल. मशीन खोटं बोलत नाय."

काकीनं फोन ठेवला. मला असा राग आला म्हणता! तरातरा शेतावर गेले, तिला दाखवायलाच.

भेंडी पाण्यात, पंप धो धो चालू. नि काकी एकटी वाकून ओलं भात उचलून बांधावर टाकत होती. वर्षाचं खाणं होतं ते तिचं. तरी मी तिच्यापुढं फोन धरलाच.

"हे बघ, कोरडी."

तिनं बघितलंसुद्धा नाही. "सळई कुठाय?"

"ही काय, इथंच..."

तिथं काहीच नव्हतं. सळई घरी देवापुढं होती, कोयता नि कुदळीच्या मधे, कोरडी ठणठणीत.

पंप बंद केला, पदर खोचला नि भात उचलायला लागले. सळई पूजेला मांडलीय हे सांगताना रडूच येत होतं मला.

"रडतेस कशाला? मशीन खरंच बोललं," काकी म्हणाली. "तुझं देवघर कोरडंच हाय."

भात वाचलं. पण ते वाळलं आमच्या ओटीवर, पंख्याखाली, चार दिवस. मी खालीवर करायचे, नि काकी दारात खुर्ची टाकून बसायची.

"वाळलं का गं?"

"थांब, बघते."

"फोनवर नको हां. हात लावून बघ."