नातीची पाल आणि मी पकडलेले रातकिडे

मंडळी, आज मी नातीच्या पालीपायी दवाखान्यात बोलणी खाऊन आलो!

माझी नात रेवा हिने लेपर्ड गेको पाळली आहे, बिबट्यासारख्या ठिपक्यांची पाल. नाव राणी. चार दिवस ती खात नव्हती.

"आबा, हिची शेपटी बारीक होऊन राहिली," रेवा रडवेली होऊन म्हणाली. या पालीची चरबी शेपटीतच साठते.

मला आसगावचे दिवस आठवले. ऐंशी सालाच्या आसपास मी तिथे जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होतो. रोडावलेली शेळी आली की डॉक्टर म्हणायचे, "आधी लेंडी दाखव, मंग शेळी."

मी रेवाला म्हटलं, "हिची ताजी विष्ठा डबीत घे."

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. जंतांची अंडी निघाली! जुनी विद्या कामी आली म्हणून माझी छाती फुगली.

मग त्यांनी विचारलं, "हिले खायले किडे कोण आणते?"

"मीच जी! धानाच्या बांधीतून रातकिडे पकडतो, एकदम ताजे."

"आबाजी, त्यायच्यातूनच जंत आले असतीन. बाहेरचे किडे बंद करा."

रेवाने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

औषध सुरू झालं. आता रातकिडे दुकानातलेच, राणीच्या पेटीत अंथरलेला कागद रोज बदलायचा, हात साबणाने धुवायचे. संध्याकाळी राणीने औषध चाटलं, तेव्हा कुठे रेवा हसली.

तुम्ही कधी कुणाला मायेने खाऊ घालून आजारी पाडलंय का? खरं सांगा, मला जरा धीर येईल.