कानिफनाथ मिस्तरीची पक्कड

संगमनेरात नळाचं आणि सोलरच्या गरम पाण्याचं काम करणारे पंचवीस-तीस जण तरी असतील. पण कानिफनाथाला विचाराल तर मिस्तरी एकच, आणि तो कोण हे विचारणारा मूर्ख. बाकीच्यांना तो ‘पाना धरणारे’ म्हणायचा. त्यांना पाना धरता येतो एवढं त्याला कबूल होतं, त्यापुढचं काही नाही.

माणसाची पारख तो हत्यारांवरून करी. काळ्या डब्यात चकचकीत संच, खाचेखाचेत एकेक पाना झोपवलेला, झाकणावर घरपोच आल्याची चिठ्ठी अजून चिकटलेली, असा एखादा मिस्तरी कामावर दिसला की कानिफनाथ घरमालकासमोरच म्हणायचा, “ह्यो रुखवतात मांडायचा माल हाय. पोरीचं लगीन हाय का कुनाचं?” घरमालकालाही सोडायचा नाही. न्हाणीघरात सोनेरी नळ दिसला की विचारायचा, “इथं आंघोळ करायची का नळाची आरती करायची?” इंजिनिअर लोकांचं तर नाव काढायची सोय नव्हती. एवढं बोलूनही लोक त्यालाच बोलवायचे, कारण त्याने आवळलेला जोड दहा-दहा वर्षं गळत नसे. ही गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती आणि ती तो कुणाला विसरूही देत नसे.

त्याची स्वतःची हत्यारं गोणपाटाच्या पिशवीत मावत. चौदा इंची पाइप पाना, एक स्क्रू पाना, हातोडी, आणि लांब दांड्याची, जबडा मागेपुढे सरकणारी पक्कड. पक्कड झिजली की नवी आणायला तो पुष्पावतीच्या दुकानात जाई. जाई म्हणजे दुकानाची परीक्षा घ्यायला जाई. जबडा मिटून ट्यूबलाईटकडे धरायचा आणि दातांमधून उजेडाची रेघ दिसली की पक्कड फळीवर आपटायचा. रेघ नसली तर कानाशी नेऊन उघडझाप करायचा आणि बिजागरी जराशी खुळखुळली तरी, “खुळखुळा हाय, पाळन्याला बांधा.” दहातली नऊ अशी जायची. दहावी घेतली की खिशातून ब्लेड काढून दांड्यांवरचं लाल-पिवळं रबर तिथेच सोलायचा आणि सालं फळीवर टाकून चालता व्हायचा. “लोखंड हाताला सांगतंय जोड किती बसला ते. रबर काय सांगनार, डोंबल!” पुष्पावती सासऱ्यामागे बारा वर्षं ते दुकान एकटी चालवत होती. हिला काय कळतंय लोखंडातलं, असं कानिफनाथाचं मत होतं. ती सालं गोळा करून टोपलीत टाकी.

एवढी मिजास कुठून आली म्हणाल, तर आईबापांकडून नाही. पाथर्डीकडचं कुटुंब, दरसाल ऊस तोडायला इकडे यायचं. सोळाव्या वर्षी कोयता टाकून हा एका नळवाल्याच्या मागे लागला आणि परत फडात गेला नाही. हातानेच त्याला वर काढलं. त्यामुळे हात सोडून जगातल्या कशालाच तो कवडीची किंमत देत नसे.

आणि आता तो हातच गेला होता.

दिवाळीनंतर उजव्या हाताची तीन बोटं आधी मुंग्यांनी भरली, मग बधिर झाली. डॉक्टर म्हणाला, मनगटातली नस दबली आहे, काम थांबवा. कानिफनाथाने डॉक्टरचीही लायकी काढली आणि घरी आला. चहाचा कप हातातून पडला तेव्हा त्याने कुंभारापासून कारखान्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला, कपाचा कान बसवायची अक्कल नाही मेल्यांना! शर्टाची गुंडी लागेना तेव्हा शिंप्याला शिव्या घातल्या. बायकोला, रतनबाईला, खरं काय ते सांगितलं नाही. आपला हात गेला हे गावात कळलं तर उद्यापासून दारात कुणी उभं करणार नाही, याची त्याला खात्री होती. स्वतः त्याने तरी हात गेलेल्या माणसाला दारात उभं केलं असतं का?

त्यातच मुलींच्या एका वसतिगृहाचं काम आलं. ऐन थंडीत गच्चीवरच्या सोलर टाकीचा गरम पाण्याचा एल्बो, म्हणजे पाइपाचा वाकडा जोड, सडला होता आणि ऐंशी मुली चार दिवस गार पाण्याने आंघोळ करत होत्या. कानिफनाथाने काम घेतलं. जुनी पक्कड सटकू लागली होती, म्हणजे त्याच्या मते पक्कड सटकत होती. तो पुष्पावतीच्या दुकानात गेला.

फळीवर पकडी मांडल्या गेल्या. त्या दिवशी त्याने नऊ नाही, चौदा फेकल्या. रेघ नव्हती, खुळखुळ नव्हती. हातात घेतली की बोटांना ती लागतच नव्हती, एवढाच दोष होता. पुष्पावतीने काही क्षण त्याच्या हाताकडे पाहिलं, मग खालच्या खणातून एक पक्कड काढून पुढे ठेवली. जाड, मऊ, खरबरीत दांड्यांची. मूठ पूर्ण मिटली नाही तरी हातात राहील अशी.

“ही बगा, मिस्तरी. हाताला बरी हाय.”

कानिफनाथाने ती उचलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या मुठीत काहीतरी टिकून राहिलं. हीच हवी होती. पण फळीच्या त्या टोकाला रविराज उभा होता.

रविराज हा राजूरकडचा. आठ वर्षांपूर्वी काम शिकायला आला आणि दीड महिना कानिफनाथाजवळ राहिला. एके दिवशी त्याच्या हातातली रबरी दांड्याची पक्कड हिसकावून कानिफनाथाने ती संडासाच्या खड्ड्यात फेकली होती आणि म्हणाला होता, “तिची जागा तिथं, तुजी जागा राजूरला.” दुसऱ्या दिवसापासून पोरगा आला नाही. पण राजूरलाही गेला नाही. आता त्याची स्वतःची कामं होती, चांगली चालली होती, आणि कानिफनाथ त्याला रस्त्यात ओळख दाखवत नसे.

“ताई,” कानिफनाथ मोठ्याने म्हणाला, “ह्यानं पोरींचं क्येस कुरळं हुत्याल. मला लोखंड दावा.” आणि समोरची एक पक्कड न बघताच घेतली, ब्लेडने रबर सोललं, दोनदा ब्लेड हातातून पडलं तेव्हा ब्लेडच्या कंपनीला शिवी दिली, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर त्याने टाकी रिकामी केली आणि जुना एल्बो कापून काढला. नवा बसवताना दोन्ही हात लागतात. टाकीतून बाहेर आलेला निपल, म्हणजे आट्यांची आखूड नळी, एका हाताने पकडीत घट्ट रोखायचा आणि दुसऱ्या हाताने पान्याने एल्बो फिरवायचा. निपल रोखला नाही तर तोही एल्बोबरोबर फिरतो, आतलं वेल्डिंग तुटतं आणि आख्खी टाकी भंगारात जाते. उजवा हात पान्याला चालेना म्हणून कानिफनाथाने पक्कड उजव्यात घेतली, पाना डाव्यात. पहिला आटा चढला, दुसरा चढला. तिसऱ्याला पक्कड निसटली, निपल जागचा हलला आणि टाकीने आतून कर्र आवाज केला.

वसतिगृहाच्या आरती मॅडम जिन्याच्या दारात उभ्या होत्या. “मिस्तरी, हाताला रक्त आलंय तुमच्या,” त्या म्हणाल्या.

त्याने पाहिलं. बोटाचं पेर सोललं होतं आणि त्याला काही कळलं नव्हतं. शिवी घालायला त्याने तोंड उघडलं, पण टाकीला घालावी की पकडीला, काही सुचेना. अजून एकदा सटकली तर टाकी जाणार होती आणि सगळ्या गावाला कारण कळणार होतं. पक्कड खाली ठेवून तो कट्ट्यावर बसला. मग त्याने पुष्पावतीला फोन करून रविराजचा नंबर मागितला. तिने तो लगेच दिला.

रविराज अर्ध्या तासात आला. तो टोमणा मारील म्हणून कानिफनाथ उत्तर तयार ठेवून बसला होता, चांगलं झणझणीत. रविराज सरळ टाकीपाशी गेला. त्याने बोटाने चाचपून निपल पाहिला, पिशवीतून जाड मऊ दांड्यांची पक्कड काढली आणि पुढे केली.

“तुमी नुसतं धरा, मिस्तरी. फिरवतो मी.”

कानिफनाथाने दोन्ही हातांनी धरली. पाना फिरला आणि उजवा हात लोण्यातून सुटावा तसा सुटला. रविराजने वर पाहिलं नाही. त्याने पक्कड काढून स्वतःच्या डाव्या हातात घेतली आणि पाना उजव्यात.

“मंग तुमी सांगा. कुटं थांबायचं त्ये सांगा. नव्या एल्बोचा मला नेमका अंदाज न्हाई.”

खोटं बोलत होता, त्याने असे शंभर एल्बो बसवले असतील. कानिफनाथाला ते कळलं. असली दया त्याने आयुष्यात कुणावर केली नव्हती, आणि कुणी आपल्यावर करावी याची किळस त्याला तिथल्या तिथे आली. तरीही तो उकिडवा बसला आणि म्हणाला, “बास म्हनलं की थांब.”

पाना फिरू लागला. पाव आटा. अर्धा आटा. कानिफनाथ डोळे फाडून जोडाकडे बघत होता. बेचाळीस वर्षं कुठे थांबायचं हे त्याने हाताने ओळखलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, आणि दुसऱ्याला सांगावं लागेल अशी वेळ त्याने येऊ दिली नव्हती. आता म्हणावं का? की अजून पाव? रविराज हळूहळू फिरवत होता, त्याच्या शब्दासाठी जास्तच हळू, आणि अधूनमधून तिरक्या नजरेने त्याच्याकडे बघत होता.

मग रविराज आपणच थांबला. एल्बोचं तोंड नेमकं खाली, पाइपाच्या रेषेत आलं होतं. त्याने पाना काढला आणि कपाळ पुसलं.

“बास,” कानिफनाथ म्हणाला.

“व्हय, मिस्तरी,” रविराज म्हणाला, आणि पाणी सोडायला गेला.