थोरली बोट आणि मामांचा हरण्या

तलवाड्यातून लढाईच्या बोटीवर दोघंच गेलो होतो, मी आणि माझे भिवामामा. किस्से मात्र आज निम्म्या गावाकडे आहेत! परवा पारावर एकजण मलाच माझा किस्सा ऐकवत होता. मी चूक दुरुस्त केली, तर म्हणतो, "तुमास्नी काय म्हाईत? गप ऐका." म्हणून म्हटलं, मूळ माल एकदा सांगून टाकावा.

*

लढाई पहिली, इंग्रजाची आणि जर्मनाची. निजाम सरकारच्या मुलखातल्या मामांनी त्यात पडायचं कारण नव्हतं. पण मामा सासुरवाडीला गेलेले असताना थोरल्या भावानं त्यांचा हरण्या बैल फौजेच्या ठेकेदाराला विकला. मामांनी परत येऊन रिकामा खुंटा बघितला आणि पाणीही न पिता जालना गाठलं. मी पाठोपाठ.

भरतीवाल्यानं विचारलं, "फौजेत काहून यायचंय बे?"

"माझा बैल म्होरं गेलाय. त्याला घिऊन माघारी यायचंय."

बैलांच्या चाकरीला माणसं हवीच होती. भरतीवाल्यानं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं आणि आम्हाला मुंबईच्या गाडीत घातलं. धक्क्यावर हरण्या सापडला. तो ज्या बोटीवर चढला, तिच्यावर आम्हीही चढलो.

*

बोटीला कुठल्याशा मडमेचं नाव होतं. ते जिभेवर बसेना, म्हणून मामांनी तिला 'थोरली' केलं. वयानंही थोरलीच! साखर, कापूस, रेल्वेचे रूळ, हाजी लोक, सगळं वाहून झालेलं. आता पोटात बैल भरून लढाईवर, इराकातल्या बसऱ्याला निघाली होती.

"हिला मोडीत काढणार होते," कोकणातला एक खलाशी म्हणाला. "तेवढ्यात लढाई लागली."

मामांनी तिच्या गंजलेल्या भिंतीवर थाप मारली. "म्हंजी म्हातारपनी जुंपली म्हना की."

*

पोळा भर समुद्रात आला. मामांनी खलाशाकडून गंजावर लावायचा तांबडा रंग मागून हरण्याची शिंगं रंगवली आणि मला घेऊन कॅप्टनकडे गेले. कॅप्टन उंच, वाळका गोरा. हसलेला कुणी पाहिला नव्हता. त्याला हिंदुस्तानी येई, मला चार यत्ता उर्दू. मध्ये बोलायला मी.

"सायेब, आज जुंपल्यालं सोडायचं आसतंय. थोरलीला आजच्या दिस हुबी करा."

कॅप्टननं सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. "जर्मन लोकांत पोळा असतो का?"

"बैल आसतील तर आसंल की!"

बोट थांबली नाही. पण संध्याकाळी कॅप्टन स्वतः खाली आला आणि आपल्या ताटातला केक हरण्याला चारून गेला. हरण्यानं टोपीचाही एक घास घेतला.

*

बसऱ्याच्या नदीच्या तोंडाशी एक माणूस होडीतून थोरलीवर चढला आणि थेट हुकूम सोडायला लागला. कॅप्टन शेजारी गप्प उभा!

मामांना ते सहन होईना. "मालक हुबा आन् ह्यो कोन हाकतोय?"

"हा पायलट," कॅप्टन म्हणाला. "इथलं पाणी त्याला ठाऊक. किनाऱ्याला लावायचं आणि घरी जायचं, एवढंच त्याचं काम."

"लढाईवर न्हाई जायाचं?"

"नाही."

"नोकरी लई झ्याक हाय," मामा म्हणाले.

*

बसऱ्याला जनावरांचा डॉक्टर एकेक बैल चालवून बघत होता. हरण्याला लहानपणापासून मामांच्या पावलावर पाऊल टाकायची सवय. मामा लंगडले. हरण्याही लंगडला. डॉक्टर म्हणाला, "नापास, परत न्या."

मामा हरखले. मग खलाशानं सांगितलं, की नापास जनावरांचा मुंबईत लिलाव होतो, आणि घेणारे कसाई असतात. नापास बैल आणि त्यांच्या चाकरीला आम्ही दोघं, थोरलीवरूनच परत निघालो.

*

मुंबई अगदी जवळ आली असताना, सकाळी, जर्मनानं पाण्यात पेरलेल्या सुरुंगावर थोरली गेली. मोठा धडाका झाला आणि इंजिन गप्प झालं.

"बसली बिचारी," मामा म्हणाले.

कॅप्टन सगळ्यांना होड्यांत घालत होता. मामा उलटे खाली पळाले. दाव्याला बांधलेलं जनावर मरू देत नाहीत आमच्यात. मला खलाशांनी ओढून कॅप्टनच्या होडीत टाकलं. थोरली पाण्याखाली गेली, आणि मी पोरासारखा हंबरडा फोडला.

धुक्यात किनारा कुठं ते कळेना. तेवढ्यात पाण्यावर दोन तांबडी शिंगं दिसली, आणि मागं शेपूट धरलेले मामा. गोदावरीला पूर आला की आमच्याकडं असंच पैलतीरी जातात.

"मामा, होडीत या!"

"गप ऱ्हा! त्याला वाट घावलीया."

कॅप्टननं शिंगांकडे पाहिलं आणि वल्हेवाल्यांना म्हणाला, "त्याच्या मागे."

*

किनाऱ्यावर सरकारी अंमलदार उभा होता.

"बोट?"

"बुडाली," कॅप्टन म्हणाला.

"सरकारचे बैल?"

"बुडाले."

अंमलदारानं वाळूत उभ्या हरण्याकडे हात केला. "मग हा कुणाचा बैल?"

मामांनी हरण्याच्या गळ्याला मिठी घातली. कॅप्टननं आपली घास घेतलेली ओली टोपी डोक्यावर नीट बसवली.

"बैल? तो आमचा पायलट आहे," तो म्हणाला. "आता घरी जाईल."